बिऱ्हाडकरूंची इमारत, पाहुण्यांचा इतिहास

एप्रिल २०१८मध्ये न्यूयॉर्कमध्ये एक वेगळाच लिलाव झाला. विकायला होती एका हॉटेलच्या खोल्यांची जुनी दारं. पन्नासहून अधिक. लाकडी, रंगाचे थरावर थर चढलेली, वापरून वापरून झिजलेली. एरवी अशा दारांना जळाऊ लाकडाचा भाव आला असता. पण त्यांतल्या एका दारामागे कधीकाळी बॉब डिलन राहत होता, आणि ते दार एक लाख डॉलरला गेलं.

ही दारं लिलावापर्यंत पोचली कशी, ते ऐकण्यासारखं आहे. हॉटेलचं नूतनीकरण चाललं होतं आणि जुनी दारं कचऱ्यात निघाली होती. ते पाहिलं त्याच इमारतीतल्या एका जुन्या भाडेकरूने. भाडं थकल्यामुळे त्याचं घर गेलं होतं आणि आपल्या कुत्र्यासह तो बाहेर रस्त्यावर दिवस काढत होता. त्याने ती दारं वाचवली. मग कुठलं दार कुठल्या खोलीचं, त्या खोलीत कोण कोण राहून गेलं, याचा माग काढत बसला. लिलावाच्या पैशांतला वाटा त्याने भुकेल्यांना अन्न पुरवणाऱ्या एका संस्थेसाठी राखला.

बातम्या डिलनच्या दाराच्या झाल्या. माझं मन मात्र त्या माणसापाशी अडकून राहिलं. ज्या इमारतीने त्याला बाहेर काढलं, तिचा इतिहास त्याने गोळा केला. हा इतिहास कुणाचा, आणि एखादी जुनी राहती इमारत हॉटेल होते तेव्हा शहराने नेमकं काय जपायचं, या प्रश्नाला ही एवढी एक गोष्ट पुरेशी आहे.

इमारत म्हणजे हॉटेल चेल्सी. मॅनहॅटनमधल्या वेस्ट २३व्या रस्त्यावरची बारा मजली, लाल विटांची वास्तू. दर्शनी भागावर लोखंडी नक्षीच्या सज्जांच्या रांगा आहेत. त्या नक्षीत फुलं ओतलेली आहेत, आणि रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने पाहिलं तर विटांच्या भिंतीवर कुणी काळी जाळी पांघरावी तसे ते सज्जे दिसतात. आत तळापासून वरच्या काचेच्या छतापर्यंत चढत जाणारा जिना, त्यालाही तसाच लोखंडी कठडा. पर्यटक या जिन्याचे फोटो काढतात. पण हा जिना पर्यटकांसाठी बांधलेला नव्हता. चेल्सी जन्माला आली ती हॉटेल म्हणून नव्हे, तर घरांची इमारत म्हणून, आणि तीही सहकारी तत्त्वावर.

तिचा वास्तुविशारद फिलिप ह्यूबर्ट मूळचा फ्रान्सचा. त्याचे वडील शार्ल फुरिए या समाजवादी विचारवंताच्या अनुयायांपैकी. अनेक कुटुंबांनी एका छपराखाली, एकमेकांच्या सोयीने राहावं, हे फुरिएचं स्वप्न. ह्यूबर्टने ते न्यूयॉर्कच्या मध्यमवर्गाला पेलेल अशा बेताने उतरवलं. त्या काळी तिथल्या सुखवस्तू माणसाला एका इमारतीत चार कुटुंबांनी राहणं म्हणजे गरिबांच्या गर्दीच्या वस्तीत राहिल्यासारखं वाटे. ह्यूबर्टने त्यासाठी ‘होम क्लब’ काढले. काही कुटुंबांनी एकत्र येऊन जागा घ्यायची, इमारत बांधायची, आपापल्या घरात राहायचं. चेल्सीत सगळी घरं सभासदांची नव्हती. काही मुद्दाम भाड्याने देण्यासाठी राखली होती, म्हणजे त्या भाड्यातून इमारतीचा खर्च भागावा. सर्वांसाठी भोजनगृहं होती, गच्चीवर फिरायला जागा होती, वरच्या मजल्यावर चित्रकारांसाठी स्टुडिओ होते. १८८४ साली लोक राहायला आले.

हा प्रयोग वीस वर्षं टिकला. नाटकगृहं उत्तरेकडे सरकली, रस्ता व्यापारी झाला, मंदीचे तडाखे बसले आणि १९०५ साली सहकारी संस्थेचं दिवाळं वाजलं. त्यानंतर चेल्सी हॉटेल झाली. पुढे मोठ्या घरांच्या भिंती पाडून, नव्या भिंती घालून खोल्या निघत गेल्या.

इथवरची हकिगत कुठल्याही जुन्या इमारतीची असू शकते. खरं महत्त्वाचं ते यापुढे आहे, आणि नेमकं तेच सांगायचं राहून जातं. हॉटेल झाल्यावरही चेल्सी पूर्णपणे हॉटेल झालीच नाही. रोजच्या पाहुण्यांशेजारी महिन्याच्या भाड्याने राहणारी माणसं होती, आणि ती वर्षानुवर्षं राहत. आपल्या भाषेत या दोघांना दोन वेगळे शब्द आहेत, पाहुणा आणि बिऱ्हाडकरू. पाहुण्याचं आगतस्वागत होतं आणि त्याने वेळेवर निघायचं असतं. बिऱ्हाडकरू बिऱ्हाड थाटतो. त्याचं आगतस्वागत कुणी करत नाही, घरमालकाशी त्याचे खटके उडतात, पण दाराला आतून कडी घालायचा हक्क त्याचा असतो. चेल्सीची सगळी गंमत आणि सगळी गुंतागुंत हे दोघे एकाच जिन्याने चढत-उतरत होते यात आहे.

संगीतकार व्हर्जिल थॉमसन १९४० साली चेल्सीत राहायला आले आणि १९८९ साली तिथल्या आपल्या घरातच वारले. एकोणपन्नास वर्षं. या माणसाला पाहुणा कुठल्या तोंडाने म्हणायचं? नाटककार आर्थर मिलर तिथे सुमारे सहा वर्षं राहिले. सहा वर्षं म्हणजे मुक्काम नव्हे, संसार. तरीही चेल्सीवरचा कुठलाही लेख काढून पाहा, तो नामवंत पाहुण्यांची यादी असतो. कवी डिलन थॉमस १९५३च्या नोव्हेंबरमध्ये इथेच आजारी पडला आणि रुग्णालयात गेला तो परतला नाही. १९७८ साली एका खोलीत एका तरुणीचा भोसकून मृत्यू झाला. कोण आलं, कोण गेलं, कोण मेलं. पण ही माणसं इथेच का आली, शहरातल्या शेकडो हॉटेलांतल्या दुसऱ्या कुठल्या का नाही, या प्रश्नाचं उत्तर यादीत सापडत नाही. ते भाड्याच्या हिशोबात सापडतं.

१९४०च्या दशकापासून इमारतीची मालकी तीन कुटुंबांकडे होती. त्यांच्यापैकी एका मालकाचा मुलगा स्टॅन्ली बार्ड १९६०च्या दशकापासून २००७पर्यंत कारभार पाहत होता. भाडं थकलं तर तो थांबायचा, कधी भाड्यापोटी चित्र घ्यायचा. तळमजल्यावरच्या दिवाणखान्यात आणि जिन्याच्या भिंतींवर ती चित्रं दाटीने लागली होती. छताला झोपाळ्यावर बसलेली एक जाडजूड गुलाबी मुलगी टांगलेली होती, कागदाच्या लगद्याची. मी त्या काळाचे गोडवे गाणार नाही. इमारत जुनाट झाली होती, अमली पदार्थांचा वावर होता, कुणाला सवलत मिळायची आणि कुणाला नाही हे बहुतांशी बार्डच्या मर्जीवर होतं. मर्जीवर चालणारी व्यवस्था चांगल्या माणसाच्या हाती असली तरी ती व्यवस्था नव्हेच. तो माणूस गेला की ती कोसळते, आणि २००७मध्ये इतर भागधारकांनी बार्डला कारभारातून दूर केल्यावर तेच झालं.

२०११मध्ये इमारत सुमारे आठ कोटी डॉलरला विकली गेली. त्या ऑगस्टपासून पाहुणे घेणं बंद झालं. भिंतींवरची चित्रं उतरली. कामं सुरू झाली, थांबली, पुन्हा सुरू झाली, मालक बदलले. २०१६मध्ये ती पुन्हा विकली गेली, या खेपेला सुमारे पंचवीस कोटींना. मधल्या कामांचा खर्च जमेस धरला तरी पाच वर्षांत तिप्पट हा आकडा बोलका आहे. हॉटेल पुन्हा नीट उघडायला २०२२ उजाडलं. म्हणजे अकरा वर्षं काही डझन बिऱ्हाडकरू बांधकामाच्या धुरळ्यात राहिले. तोडफोडीचा आवाज, उखडलेले बोळ, प्लास्टिकचे पडदे बाजूला सारून आपल्या दारापर्यंत पोचायचं. ते सगळे एका सुरात बोलत होते असंही नाही. काही जण मालकांविरुद्ध न्यायालयात गेले, तर काहींना वाटत होतं की काम एकदाचं संपू द्या, या खटल्यांनीच आपले हाल लांबतायत. मला दोन्ही बाजू समजतात. म्हातारपणी लिफ्ट बंद असलेल्या इमारतीत राहणाऱ्याला तत्त्वाची लढाई परवडतेच असं नाही.

ते राहू शकले ते कुणाच्या मेहेरबानीने नव्हे, तर कायद्याने. न्यूयॉर्कच्या भाडेनियंत्रणात हॉटेलांसाठी एक तरतूद आहे. १ जुलै १९६९पूर्वीच्या, नियंत्रणाखाली येणाऱ्या हॉटेलात उतरलेल्या माणसाने सहा महिन्यांचा करार मागितला, किंवा तो सलग सहा महिने राहिला, तर तो कायमचा भाडेकरू ठरतो. त्याचं भाडं मनमानी वाढवता येत नाही, त्याला नुसतं ‘खोली रिकामी करा’ म्हणता येत नाही. शिवाय १९८३पासून, अशा खोल्यांच्या इमारतीत फेरबदल करायचे असतील तर मालकाला आधी शहराकडून दाखला घ्यावा लागतो, की त्याने भाडेकरूंना त्रास देऊन हुसकावलेलं नाही. पाहुण्याला बिऱ्हाडकरू होण्याची वाट खुली ठेवणारा हा कायदा मला चेल्सीच्या लोखंडी सज्जांइतकाच मोलाचा वाटतो.

या तरतुदीवर टीका करणारे एक खरं घडलेलं प्रकरण पुढे करतात. २०१८मध्ये एक माणूस न्यूयॉर्कच्या एका मोठ्या जुन्या हॉटेलात एका रात्रीसाठी उतरला, दुसऱ्या दिवशी करार मागून बसला, हॉटेलचे वकील तारखेला फिरकलेच नाहीत म्हणून खोलीचा ताबा मिळवला, आणि पुढे अख्खं हॉटेलच आपलं असल्याची खोटी कागदपत्रं नोंदवली. २०२४मध्ये त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. ओसरी दिली की हातपाय पसरतात, हा त्यातून काढला जाणारा धडा. पण त्या माणसाचा गुन्हा खोट्या कागदपत्रांचा होता, राहण्याचा नव्हता. बनावट खत कुणीही कुठल्याही इमारतीचं करू शकतो, म्हणून मालकी हक्क रद्द करा असं कुणी म्हणत नाही. मग एका ठकासाठी हजारो लोकांचा राहण्याचा हक्क का संशयित ठरावा?

आता वारसा-कायद्याकडे वळतो, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे.

१९६३मध्ये न्यूयॉर्कचं भव्य पेन स्टेशन पाडायला घेतलं आणि शहर हळहळलं. त्या हळहळीतून १९६५ साली वारसावास्तू जपण्याचा कायदा आला, आणि लगेच १९६६मध्ये चेल्सीला त्याचं संरक्षण मिळालं. पण कशाला? बाह्यरूपाला. विटा, सज्जे, छताची ठेवण. १९७३मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन अंतर्भागही जपता येऊ लागला, पण जिथे सर्वसामान्य लोकांचा वावर असतो तेवढाच: स्टेशनची दालनं, नाटकगृहं, हॉटेलांच्या लॉबी. राहत्या खोल्या व्याख्येनेच बाहेर. ज्या दारामागे माणूस राहतो ते दार वारसा असूच शकत नाही, कारण तिथे जनता जात नाही. त्यामुळे चेल्सीची दारं कचऱ्यात निघाली तेव्हा कायद्याला त्यात वावगं काही दिसलं नाही. दारांची ही गत, तर दारामागच्या माणसांना विचारतो कोण?

न्यायालयांचा कलही पाहण्यासारखा आहे. १९७८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रँड सेंट्रल स्टेशनवर टॉवर बांधायला मनाई करणारा न्यूयॉर्कचा निर्णय उचलून धरला. मालकाचं कोट्यवधींचं संभाव्य उत्पन्न बुडत होतं, तरी शहराचं रूप जपण्यासाठी एवढं बंधन घालता येतं, असं न्यायालय म्हणालं. अकरा वर्षांनी, १९८९मध्ये, न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च पायरीवरच्या न्यायालयापुढे दुसरा प्रश्न आला. शहराने स्वस्त, एकेका खोलीच्या राहत्या हॉटेलांचं रूपांतर आणि पाडकाम थांबवलं होतं आणि रिकाम्या खोल्या भाड्याने द्यायची सक्ती केली होती. ती सक्ती न्यायालयाने रद्द केली. मोबदला न देता मालकाची मालमत्ता घेतल्यासारखं ते होतं, असं कारण दिलं. दोन निकालांत कायद्याचे बारकावे वेगळे आहेत हे मला मान्य आहे. भाडेकरू ठेवायलाच लावणं हे टॉवर बांधू न देण्यापेक्षा जास्त आत घुसणारं बंधन आहे, हा युक्तिवादही वाऱ्यावर सोडण्यासारखा नाही. तरीही दोन्ही निकाल शेजारी ठेवून पाहिले की शहराच्या हाती काय उरलं ते स्पष्ट दिसतं. दगडासाठी मालकाला नफा सोडायला लावता येतो, त्या दगडाच्या आत राहणाऱ्या माणसासाठी तेवढं लावता येत नाही.

या मधल्या काळात काय गेलं याचा अंदाज घ्यायला हवा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही दशकांत न्यूयॉर्कने अशा स्वस्त राहत्या खोल्या एक लाखाहून अधिक गमावल्या. आपोआप नाही गेल्या. १९७०च्या दशकात शहराने स्वतःच, त्या खोल्या मोडून महागडी घरं करणाऱ्यांना करसवलत दिली. म्हणजे एका हाताने सज्जे जपले आणि दुसऱ्या हाताने बिऱ्हाडं उठवायला पैसे मोजले. रात्री डोकं टेकायला जागा नसलेली माणसं १९८०च्या दशकात शहरात एकाएकी इतकी का दिसू लागली, याच्या कारणांत या खोल्यांचा हिशोब धरावाच लागतो. सुरुवातीला सांगितलेला तो दारंवाला माणूस त्याच हिशोबातला एक.

हे अटळ होतं असं म्हणणाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्कोकडे पाहावं. तिथे इंटरनॅशनल हॉटेल नावाची इमारत होती. तिच्यात म्हातारे फिलिपिनो आणि चिनी कामगार खोल्या घेऊन राहत, बरेचसे एकटे. ४ ऑगस्ट १९७७च्या पहाटे शेकडो पोलिसांनी, इमारतीभोवती हातात हात गुंफून उभ्या असलेल्या हजारो लोकांचं कडं तोडून त्या म्हाताऱ्यांना बाहेर काढलं. त्या घटनेचा धक्का शहराला लागला. १९७९मध्ये राहत्या हॉटेलांच्या रूपांतरावर तात्पुरती बंदी आली आणि १९८१मध्ये कायमचा कायदा. शहराने एकेक इमारत मोजली, तिच्यातल्या कुठल्या खोल्या रहिवाशांच्या आणि कुठल्या पर्यटकांच्या याची नोंद केली. रहिवाशांची खोली पर्यटकांना द्यायची असेल तर तेवढीच खोली दुसरीकडे उभी करा, नाहीतर तिच्या खर्चाचा मोठा वाटा शहराकडे भरा.

यालाही आव्हान मिळालंच. सॅन रेमो नावाच्या हॉटेलच्या मालकांना ६२ खोल्या पर्यटकांसाठी खुल्या करायला ५,६७,००० डॉलर भरावे लागले आणि ते न्यायालयात गेले. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२मध्ये शहराची बाजू मान्य केली. प्रकरण वॉशिंग्टनपर्यंत गेलं, तिथेही २००५मध्ये मालकांच्या हाती काही लागलं नाही. त्या मालकांची बाजू अगदीच पोकळ होती असं नाही. शहराला स्वस्त घरं हवी असतील तर त्यांचा बोजा काही जुन्या हॉटेलांच्या मालकांनीच का उचलायचा, हा त्यांचा प्रश्न होता. माझं उत्तर असं: ज्याने त्या जुन्या इमारतीच्या वयातून, नावातून, नक्षीतून पैसा करायचं ठरवलं आहे, त्याने त्या इमारतीला ते वय आणि नाव ज्यांच्यामुळे मिळालं त्यांचा वाटा द्यायला काय हरकत आहे? आणि हा वाटा पेलत नसेल, तर शहराने त्यात भर घालावी. तेही मला मान्य आहे.

अमेरिकेत केंद्र सरकारची एक करसवलत आहे. उत्पन्न देणाऱ्या ऐतिहासिक इमारतीचं नियमाप्रमाणे नूतनीकरण केलं, तर मान्य खर्चाच्या २० टक्के रक्कम करातून वजा मिळते. जुन्या इमारतींची हॉटेलं करणाऱ्यांना तिचा मोठा आधार असतो. ही सवलत देताना खिडक्यांच्या चौकटी जुन्यासारख्या आहेत का, हे कसून तपासतात. विटांच्या सांध्यांत कुठला चुना भरला तेही पाहतात. काम सुरू होण्याआधी तिथे किती माणसं राहत होती आणि ती आता कुठे आहेत, हे मात्र विचारलं जात नाही. जनतेच्या पैशातून मिळणारी सवलत असेल तर हा प्रश्न पहिला असायला हवा. उत्तर समाधानकारक नसेल तर सवलत नाही. यात कुणाच्या मालमत्तेवर घाला येत नाही. सवलत हा काही कुणाचा जन्मसिद्ध हक्क नव्हे.

मला एक आक्षेप प्रामाणिकपणे मान्य करायला हवा. हॉटेलमुळे इमारती वाचतात. १९०५मध्ये चेल्सी हॉटेल झाली नसती तर तिचं काय झालं असतं सांगता येत नाही. त्या रस्त्यावरच्या किती समकालीन इमारती आज उभ्या आहेत? शंभर वर्षांच्या इमारतीचे नळ, तारा, छत, लिफ्ट यांचा खर्च दहा-वीस भाडेकरूंच्या नियंत्रित भाड्यातून निघत नाही. कुठून तरी पैसा यावाच लागतो, आणि एका रात्रीला शेकडो डॉलर मोजणारा पाहुणा तो आणतो. यात खोटं काहीच नाही.

पण चेल्सीचा इतिहास नीट वाचला तर याच आक्षेपाचं उत्तर त्यात सापडतं. ह्यूबर्टने पहिल्याच दिवशी काही घरं भाड्यासाठी राखली होती ती इतरांचा खर्च भागावा म्हणून. पुढे रोजच्या पाहुण्यांच्या पैशाने महिन्याच्या भाडेकरूंचं ओझं हलकं होत राहिलं. एकाच्या उत्पन्नातून दुसऱ्याची राहणी निभावणं हाच त्या इमारतीचा कणा होता, सहकारी संस्था असतानाही आणि हॉटेल असतानाही. तेव्हा हॉटेल हवं की घरं, असा सामना लावायची गरजच नाही. दोन्ही हवीत, आणि किती खोल्या कुणाच्या हे कागदावर, कायद्याने बांधलेलं हवं. एका बार्डच्या मर्जीवर सोडलेलं नको, तसंच बाजाराच्या मर्जीवरही नको.

हा प्रश्न जुन्या नक्षीदार इमारतींपुरता उरलेला नाही, हेही सांगायला हवं. आज पाटी न लावता हॉटेलं होतात. साध्या राहत्या इमारतीतला एकेक फ्लॅट मोबाइलवरून रात्रीच्या हिशोबाने दिला जातो आणि शेजारचा बिऱ्हाडकरू दर शनिवारी नव्या बॅगांची चाकं जिन्यात खडखडताना ऐकतो. न्यूयॉर्कने २०१०मध्ये राहत्या इमारतीतलं घर तीस दिवसांहून कमी काळासाठी देण्यावर बंधन आणलं आणि २०२३च्या सप्टेंबरपासून नोंदणीची सक्ती खरोखर अमलात आणायला सुरुवात केली. बार्सिलोनाने तर २०२४मध्ये जाहीर केलं, की शहरातल्या १०,१०१ पर्यटक फ्लॅटांचे परवाने नोव्हेंबर २०२८पर्यंत संपवायचे, पुढे नूतनीकरण नाही. हे कितपत निभतं ते दिसेलच. पण दोन्ही शहरांनी एक गोष्ट मान्य केली आहे. घराचं हॉटेल होणं ही मालकाची खासगी बाब नाही, तो शहराच्या लोकसंख्येतला बदल आहे.

मग वारसा समित्यांनी हे मान्य करायला काय हरकत आहे? इमारतीला दर्जा देताना कागदावर विटांचा रंग येतो, शैली येते, सज्जे कुठल्या कारखान्यात ओतले तेही येतं. तिथेच एक रकाना आणखी हवा: या वास्तूत कोण राहतं, कुठल्या बोलीवर, किती वर्षांपासून. फेरबदलाची परवानगी मागायला मालक आला की तो रकाना पुन्हा भरून घ्यावा, आणि दोन्हींतली तफावत जाहीर सुनावणीत वाचून दाखवावी. सॅन फ्रान्सिस्कोने १९८१ला खोल्या मोजल्या, म्हणजे हे जमण्यासारखं आहे. उशीर मात्र परवडत नाही. इंटरनॅशनल हॉटेल पाडल्यावर ती जागा वर्षानुवर्षं एक खड्डा होऊन पडून होती. तिथे वृद्धांसाठी १०४ घरं उभी राहिली ती २००५मध्ये, बाहेर काढल्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी. मूळच्या भाडेकरूंपैकी ती घरं पाहायला फार थोडे उरले होते.

चेल्सीत आज दीडशेच्या आसपास खोल्या पाहुण्यांसाठी आहेत. प्रवेशद्वारापाशी लेखक-कलावंतांच्या नावांच्या पितळी पाट्या आहेत, आणि वरच्या मजल्यांवर थोडी बिऱ्हाडं अजून टिकून आहेत. त्यांतलं एकेक उठेल तेव्हा त्या जागेत पुन्हा कुणी राहायला येणार की उतरायला, हे आत्ताच ठरवायला हवं, ती माणसं तिथे असताना, त्यांना विचारून.

त्या लिलावातल्या काही दारांचा कुणाही नामवंताशी संबंध जुळला नाही. ती दारंही विकायला ठेवली होती. त्यांच्यामागे कोण राहायचं, किती वर्षं राहिलं, भाडं किती भरायचं आणि शेवटी कुठे गेलं, हे जाणून घ्यायचं तर जुन्या भाडेपावत्या धुंडाळाव्या लागतील. १९६६च्या वारसा-नोंदीत त्यांतलं काहीही नाही.